उलटा चौक

शेंडखारला लग्न असलं की भटजी उशिरा आला तरी खपून जायचं, बँजोवाले उशिरा आले तर चार शिव्या खाऊन गप बसायचे, पण हौसाबायचा चौक ओटीवर पडल्याशिवाय हळदीच्या पातेल्यावरचं झाकण काढायची कुणाची छाती नव्हती. हौसाबाय गावची धवलारीण. धवले म्हणजे लग्नातली गाणी म्हणायची, देवांना आवतण द्यायचं, तांदळाच्या पिठाचा चौक मांडायचा, ही तिची कामं. बाई वीतभर आणि आवाज हातभर. चौक चालू असताना कुणाचा पाय मध्ये पडलाच तर त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस व्हायची. कासू स्टेशनापासून खाडीकडे उतरत जाणाऱ्या पट्ट्यात धवलारिणी काही कमी नव्हत्या, पण हौसाबायसारखा चौक दुसरी कुणी मांडत नसे. तो तिच्याकडे सासूकडून, बायजाबाईकडून आला होता.

रीत इतकी सोपी की बघणाऱ्याला वाटावं, ह्यात काय मोठंसं. आधी चार सरळ रेघांचा चौकोन, प्रत्येक रेघ सत्तावीस बोटं. त्या रेघेचे नऊ-नऊ बोटांचे तीन भाग करायचे, मधला पुसायचा आणि त्याच्या जागी नऊ-नऊ बोटांच्या दोन रेघांचं शिंग उभं करायचं. एका रेघेच्या चार झाल्या. मग त्या चौघींनाही तेच करायचं, मधला भाग पुसून शिंग. नवाची रेघ तीन बोटांवर येते, तिनाची एका बोटावर. हात चालत असताना हौसाबाय पुटपुटायची, "सरल, डाव, सरल, उजव उजव, सरल, डाव, सरल." एवढाच मंत्र, फेऱ्यामागून फेरा. तिसऱ्या फेऱ्याला चौकाच्या काठाला अशी नक्षी फुटायची की पाहुण्या बायका जेवायचं विसरून वाकून बघत बसायच्या.

तिसऱ्या फेऱ्याला थांबायचं हा एक नेम होता. बोटापेक्षा बारीक रेघ बोटानं काढू नये, असं बायजाबाईनं तिला बजावलं होतं. चौथा फेरा घ्यायला गेलं की पिठाच्या रेघा एकमेकींना चिकटतात आणि आत कुठलं, बाहेर कुठलं, ते कळेनासं होतं. दुसरा नेम ह्याहून कडक होता. चौक प्रदक्षिणेनंच मांडायचा, मध्य कायम उजव्या हाताला ठेवून. तसं फिरलं की मंत्रातला ‘डाव’ बाहेर वळतो आणि शिंगं बाहेर निघतात. उलटं फिरलं तर मंत्र तोच, पण सगळी शिंगं आत घुसतात आणि चौक स्वतःलाच खात सुटतो. असा उलटा चौक गावात एकाच वेळी मांडत, मयत उचलल्यावर, चुलीच्या राखेनं. ओटीवर उलटा चौक दिसला की घरातलं माणूस गेलं, हे कुणाला विचारावं लागत नसे.

आता हा चौक आला कुठून, ते सांगायला हवं. शेंडखार म्हणजे खार, खाडीला चारी बाजूंनी मातीचा बांध घालून काढलेली भातजमीन. बांधाबाहेर खाडी, बांधाआत भात आणि गाव. उधाणाला खाडीचं पाणी आतल्या जमिनीपेक्षा उंच असतं, मध्ये असतो तो फक्त बांध. तो फुटला की लोक म्हणतात, खांड गेली. खांडीतून भरती दिवसातून दोनदा आत शिरते आणि त्या जागी एवढा खोल डोह पडतो की तो भरून काढणं कुणाच्या बापाला जमत नाही. मग डोह सोडून द्यायचा आणि त्याला वळसा घालून, शेतातून, नवा बांध घ्यायचा. सरळ बांधाच्या मधोमध असं आत वळलेलं शिंग तयार होतं. बायजाबाईच्या तरुणपणी पश्चिमेचा बांध गेला, तो बरोबर मधोमध. पुढे त्या शिंगाची एक बाजू गेली, मग दुसरी. दक्षिणेचा बांधही असाच मोडत गेला. चौक शिकवताना सासू म्हणाली होती, "हा चौक म्हंजे आपला खार, हौसे. लग्नात आपन शिंगं भायेर काढतो, म्हंजे खाडीनं मागं सरावं. आत शिंग खाडी काढते."

हौसाबायनं ते ऐकलं होतं आणि विसरूनही गेली होती. सासवा बोलतात पुष्कळ.

तिला त्याची आठवण करून दिली दिशानं. दिशा म्हणजे जगनची मुलगी, हौसाबायची एकुलती नात. कासूवरून गाडी धरून रोज रोह्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकायला जायची. तिच्या सरांनी वर्गाला सांगितलं होतं की एक छोटा नियम घ्या, तो पुन्हा पुन्हा स्वतःवरच लावा आणि त्यातून चित्र काढून दाखवा. बाकीच्या पोरांनी झाडं काढली, नेचे काढले. दिशा म्हणाली, आमच्या घरात चुलीपाशीच असा नियम पडलाय, मी कशाला लांब जाऊ. आषाढातल्या एका दुपारी ती लॅपटॉप घेऊन आजीशेजारी बसली आणि मंत्र लिहून घेतला. सरळ म्हणजे एक पाऊल, डाव म्हणजे डावीकडे वळण, उजव म्हणजे उजवीकडे. जिथे ‘सरळ’ दिसेल तिथे तो शब्द खोडून सगळा मंत्र लिहायचा, की झाला पुढचा फेरा. आजीला ते लगेच पटलं. चाळीस वर्षं ती हेच करत होती, फक्त पिठानं.

पण पोरीची एक चूक झाली, आणि ती चूक प्रदक्षिणा न घातलेल्या माणसाचीच होती. चौकोनाच्या कोपऱ्यावर हौसाबाय उजवीकडे वळायची. दिशाच्या पुस्तकातला चौकोन डावीकडे वळत होता, तिनं तो तसाच उचलला. पडद्यावर रेघ धावायला लागली आणि शिंगं सगळी आत. पहिला फेरा, दुसरा, तिसरा. दिशा खुशीत होती, नक्षी सुरेख दिसत होती. ती चौथा फेरा दाबणार तेवढ्यात हौसाबायनं तिचं मनगट धरलं आणि विचारलं, हे थांबतं कधी.

दिशा म्हणाली, "ह्याला पीठ नाय लागत आजी, बोट नाय लागत. मी सांगीन तवर चालू राहील."

आपल्या घरात, धडधाकट मुलगा नि सून असताना, पोरीनं उलटा चौक मांडलाय, हे हौसाबायला आधी दिसलं. ती ओरडणार होती. पण त्याच क्षणी तिला दुसरंही काही दिसलं. तिनं नातीला फोनमध्ये गाव दाखवायला सांगितलं, ते वरून दिसतं तसलं. दिशानं नकाशा काढून चित्राशेजारी धरला. तंतोतंत नव्हतं, माती काही बोटानं मोजून मोडत नाही. पण पश्चिमेचा बांध तोच होता, दक्षिणेचा तोच, शिंगावर शिंगं, प्रत्येक शिंगाच्या पोटात एक काळा डोह. पूर्वेला तर सरळ बांध उरलाच नव्हता म्हणायचा, नुसत्या खाचा. सगळ्या खारात एकच बाजू अजून सरळ राहिली होती, उत्तरेची. आणि त्या सरळ रेघेच्या मधोमध एक पांढरा ठिपका होता. ते जगनचं राखणीचं खोपटं.

चार वर्षांपूर्वी सरकारी माणसांनी तिथे सिमेंटची नवी उघाडी बांधली होती. उघाडी म्हणजे पाण्याचं दार, भरतीला लावायचं, ओहोटीला उघडून शेतातलं पाणी सोडायचं. जागा ठरवताना इंजिनियर म्हणाला होता की हा भाग सरळ आहे, म्हणजे मजबूत आहे. गावानं माना डोलावल्या. दारावर राखणीला बांध कमिटीनं जगनला नेमलं, आणि तो आपला उधाणाच्या दिवशी दारावरून हलत नसे. मुलाला मान मिळाला म्हणून तेव्हा हौसाबायनं गावभर साखर वाटली होती.

ती त्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली, "सरल हाय म्हंजे मजबूत नाय गो. सरल हाय म्हंजे त्याची पाली आली नाय अजून."

त्या दिवसापासून तिचं जेवणावरचं लक्ष उडालं. पडत्या पावसात छत्री घेऊन ती उत्तरेच्या बांधावर जायची आणि सिमेंटच्या भिंतीला जिथे माती भिडते तिथे शेताच्या बाजूनं वाकून बघायची. तिथून पाणी पाझरत होतं. ती ओंजळीत धरून बघे. पाझर निवळ असला तर भ्यायचं कारण नसतं, बांध जरा घाम गाळतो एवढंच. आठ दिवस पाणी निवळ होतं. नवव्या दिवशी ओंजळ गढूळ झाली. बांध आता स्वतःलाच गाळत होता.

जगनला सांगितलं तर तो हसला. त्यानं तिथे चार गोणी माती दाबली आणि म्हणाला, "आये, मी हाय ना तिथं." तिला धास्ती होती ती नेमकी त्याचीच. मग ती बांध कमिटीच्या बैठकीला गेली. तिथे बाईमाणूस बोलत नसे, पण हौसाबायला गप कर म्हणण्याची हिंमतही कुणात नव्हती. तिनं जमिनीवर काडीनं चौक काढून दाखवला, कुठली रेघ मोडली, कुठली उरली, गढूळ पाण्याचंही सांगितलं. कमिटीचा म्होरक्या दिनानाथ तसा भला माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. लग्नात तुमचा चौक आम्हाला शिरसावंद्य, म्हणाला, बांधाचं मात्र इंजिनियरला विचारू. इंजिनियरला फोन लागला नाही. गणपती झाले की बघू, असं ठरलं. कोकणात एकदा काम गणपतीनंतरवर गेलं की ते कुठवर जातं, हे आम्ही काय सांगावं. पालथ्या घड्यावर पाणी ओतून हौसाबाय घरी आली.

पिठोरी अमावास्या रविवारी आली. उधाण भर दुपारी, साडेबाराला, वर्षातलं मोठ्यांपैकी एक. जगनची बायको अनिता पहाटेच पेणला गेली होती. गणपती पाच दिवसांवर, कारखान्यात मूर्तींचे शेले रंगवायला हात कमी पडत होते. दहा वाजता जगन डबा घेऊन उघाडीवर निघाला. हौसाबायनं त्याला आज जाऊ नको म्हणून सांगितलं, मग रागावून सांगितलं, शेवटी पाया पडायला निघाली. तो चपापला, पण थांबला नाही. उधाणाच्या दिवशी राखण्या घरी बसला तर गाव तोंडात शेण घालेल, म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं.

तो गेल्यावर ती बराच वेळ ओटीवर बसून राहिली. बाहेर पावसाची रिपरिप होती. साडेअकरा झाले तशी ती उठली, मागच्या चुलीतली राख सुपात भरून आणली आणि ओटीच्या मधोमध उकिडवी बसली. दिशा आतून आली तेव्हा चौकोन पडला होता. पहिल्या कोपऱ्यावर आजी डावीकडे वळली हे तिनं बघितलं आणि ती उंबऱ्यातच थांबली.

जिच्या हातानं गावातल्या अडीचशे पोरी नवऱ्याघरी गेल्या, तिनं जित्या माणसांच्या घरात राखेचा चौक मांडला म्हणजे त्याचा अर्थ काय होतो, हे हौसाबायला पुरतं माहीत होतं. ह्यानंतर कुणी आपल्याला हळदीला बोलावणार नाही, एवढा हिशेब तिचा आधीच झाला होता. तिनं तिसरा फेरा पुरा केला, हात झटकले आणि नातीला म्हणाली, "बापाला फोन लाव. ओटीवर उलटा चौक हाय, एवढंच सांग. खोटं बोलायचं नाय, जास्तही बोलायचं नाय."

दिशानं फोन लावला. तेवढंच सांगितलं. बाकीचं तिच्या रडक्या आवाजानं सांगितलं असावं, कारण पलीकडून जगननं एकही प्रश्न विचारला नाही. अनिता पेणला, गाड्याघोड्यांचा रस्ता, आणि आई महिनाभर धड जेवलेली नाही. दोघींपैकी कोण, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं असेल. तो बांधावरून धावत सुटला.

वीस मिनिटांनी तो अंगणात आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता, एका पायात चप्पल नव्हती. ओटीवर आई चौकाच्या कडेला शांत बसली होती, शेजारी पोरगी. वाटेत फोनवर त्याला अनिताही मिळाली होती, धडधाकट. त्यानं चौकाकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि त्याचा आवाज फाटला.

"कोन गेलं, आये?"

"अजून कोन नाय," हौसाबाय म्हणाली. "तू बस."

तो बसला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो आईला नको ते बोलला, आणि परत फिरण्यासाठी अंगणात उतरला. फाटकापाशी पोचला असेल नसेल, तोच उत्तरेकडून माणसांची आरोळी आली. खांड गेली होती. लोक धावत गेले तेव्हा बांधाच्या मधोमध पन्नास हात रुंद पाणी आत ओतत होतं, उघाडीचं सिमेंट आडवं होऊन बुडत होतं, आणि खोपटं जिथे होतं तिथे भोवरा फिरत होता. जगनचा डबा दुसऱ्या दिवशी खाडीकाठच्या कांदळवनात सापडला, झाकण लावलेला.

मुलगा वाचला. हौसाबायनं देवापुढे डोकं टेकलं आणि ती पोटभर रडली. तिला वाटलं, संपलं.

गाव मात्र आता बोलायला लागलं. उभं भात खारं झालं, तीन वर्षं तिथे दाणा पिकणार नव्हता, आणि एवढ्या नुकसानाला कुणाचं तरी नाव लागल्याशिवाय माणसाला झोप येत नाही. कुणी म्हणालं, जगन दारावर असता तर चार गोणी टाकून त्यानं बांध धरला असता. ऐन भरतीला राखण्या पळाला. कुणी त्याच्या पुढचं म्हणालं. साडेअकराला हौसाबायनं उलटा चौक मांडला आणि साडेबाराला बांध गेला, आता हातच्या काकणाला आरसा कशाला. दिनानाथनं चारचौघांत तिची बाजू घेतली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणाला, त्यात बाईचा काय दोष. पण तुळशीचं लग्न झाल्यावर त्याच्या पुतणीची हळद निघाली, तेव्हा धवलारीण पेणकडून आली. रिक्षा हौसाबायच्या दारावरूनच गेली.

ते तिनं गिळलं. ती किंमत तिनं आधीच धरली होती.

कार्तिकी अमावास्येच्या सुमारास नव्या बांधाची आखणी सुरू झाली. डोह पाच पुरुष खोल पडला होता, तो भरण्याचा प्रश्नच नव्हता. वळसा घ्यायचा ठरला, शेतातून, गावाच्या बाजूनं. माणसं खुंट्या ठोकत होती आणि खुंट्यांवरून चुन्याची पांढरी रेघ ओढत होती. हौसाबाय ओटीवरून बघत होती. रेघ जुन्या बांधावरून सरळ आली आणि डावीकडे, शेताकडे वळली. गावाच्या अगदी जवळ येऊन ती टोक करून उजवीकडे फिरली आणि परत खाडीकडे गेली. टेपचं टोक धरून पुढे चालत होता जगन. शेत त्याच्या डाव्या हाताला होतं. तिचे ओठ आपोआप हलायला लागले आणि तिनं ते दाताखाली धरले.

दुपारी जगन पाणी प्यायला घरी आला. आज बरेच दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा होता. कमिटीनं त्याला पुन्हा राखणीवर ठेवलं होतं, त्यानंच मागून घेतलं होतं. मी पळालो असं गाव बोलतं, ते मला पुसून टाकायचंय, म्हणाला. नवी उघाडी कुठे बसणार, खोपटं कुठे, हे त्यानं ओटीवर पाण्याच्या बोटानं काढून दाखवलं. शिंगाची अलीकडची बाजू, तिच्या मधोमध. इंजिनियर नवा होता, पण बोलला तेच होतं, आणि आता ते जगनच्या तोंडातून आलं. हा भाग सरळ आहे, म्हणजे मजबूत आहे.

मग जगननं पेला खाली ठेवला आणि तिचा हात धरला. तो चिडला नव्हता, अगदी लहानपणी बोलायचा तसं मायेनं बोलला.

"आये, माजी एक मागनी हाय. तू परत चौक नको मांडूस. सुलटा नको नि उलटा तर नकोच. तू नाय मांडलास तर काय व्हनार नाय. दिशाची शपथ घे."

तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. चौकानंच बांध नेला, हे गावाबरोबर हाही धरून बसलाय, ते तिला तेव्हा कळलं. दिशा दारात उभी होती, तिनं मान खाली घातली. तिनं लॅपटॉपमधलं ते चित्र केव्हाच पुसलं होतं.

हौसाबायनं नातीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. जगन हलक्या मनानं कामावर गेला. संध्याकाळी सूनबाई घरी आल्यावर तिनं तिला सांगितलं की चुलीतली राख रोजच्या रोज उकिरड्यावर टाकत जा, घरात ठेवू नको. मग ती ओटीवर येऊन बसली. खोपट्याच्या चार खुंट्या तिथून स्वच्छ दिसत होत्या, आधीचं खोपटं कधी एवढं जवळ नव्हतं. पिठोरीच्या उधाणाला अजून नऊ महिने होते.